क्लब अकादमीतले होतकरू फुटबॉलपटू पुढे का सरकत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्यातल्या ११ ते २१ वयोगटातल्या खेळाडूंसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. अकादमीत निवड झाली की घरात पेढे वाटले जातात, ते योग्यच आहे. पण खरी गळती निवडीनंतर होते आणि तिची कारणं बहुतेक वेळा आधीपासून दिसत असतात.

तेराव्या वर्षी सगळ्यांत उठून दिसणारा मुलगा अठराव्या वर्षी दिसेनासा का होतो?

बऱ्याचदा तो तेराव्या वर्षी उठून दिसत होता तो शरीरामुळे. मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण साडेतेरा ते चौदाच्या सुमारास, पण हा सरासरीचा आकडा आहे. कुणाची वाढ बाराव्या वर्षीच जोर धरते, कुणाची पंधरा उलटल्यावर. म्हणजे तेरा वर्षांखालच्या एकाच संघात एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसऱ्याची जर्सी गुडघ्यापर्यंत लोंबत असते. पहिला मुलगा बॉल पुढे ढकलतो आणि पळून गाठतो. दर सामन्यात दोन-तीन गोल करतो. कोच त्याला ‘बॉल मार आणि पळ’ सांगतो, कारण त्याने सामना जिंकता येतो.

सतराव्या वर्षापर्यंत बाकीचेही वाढतात आणि पळून गाठण्याचा फायदा संपतो. मग कळतं, की डावा पाय चालत नाही, पाठीवर बचावपटू असताना बॉल धरता येत नाही आणि पहिला टच नेहमी एकाच बाजूला जातो. ही कौशल्यं शिकायची चार वर्षं गोल करण्यात गेलेली असतात.

उलट उशिरा वाढणाऱ्या मुलाला तेराव्या वर्षी ‘अंगात दम नाही’ म्हणून बाकावर बसवतात आणि चौदाव्या वर्षी काढून टाकतात. दोन्ही मुलांचं नुकसान होतं, फक्त दुसऱ्याचं लवकर दिसतं.

जन्म जानेवारीचा की डिसेंबरचा, याने खरंच फरक पडतो?

पडतो. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचं अंतर फार मोठं असतं. जगभरच्या अकादम्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची गर्दी आणि शेवटच्या तिमाहीतल्यांची वानवा दिसते. तुमचा मुलगा नोव्हेंबर-डिसेंबरचा असेल आणि ट्रायलमध्ये हुकला असेल, तर दीड-दोन वर्षं चांगल्या सरावात टिकवून पुन्हा ट्रायल द्या. या गटातली मुलं स्वतःहून फुटबॉल सोडतात, हेच सर्वांत वाईट.

वाढीचा वेग घरी कसा मोजायचा, आणि मोजून करायचं काय?

भिंतीला मोजपट्टी चिकटवा. दर तीन महिन्यांनी, शक्यतो एकाच वेळी, सकाळी, अनवाणी उंची मोजा. मग त्याच भिंतीला टेकवलेल्या सपाट स्टुलावर ताठ बसवून बसल्याची उंची घ्या आणि त्यातून स्टुलाची उंची वजा करा. दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा जास्त वाढ दिसली, तर मुलगा झपाट्याच्या वाढीत आहे असं समजा. आधी पाय वाढतात, मग धड. त्यामुळे उभ्याची उंची झरझर वाढते आणि बसल्याची तेवढी वाढत नाही.

या सहा-बारा महिन्यांत कालपर्यंत सफाईदार असलेला मुलगा अचानक अडखळतो. बॉल पायातून निसटतो, वळताना तोल जातो. कोच म्हणतात ‘लक्ष नाही’, वडील म्हणतात ‘मोबाइलमुळे’. खरं तर त्याला स्वतःचे नवे पाय अजून ओळखीचे झालेले नसतात. याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखतं. त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. त्याआधीच्या वयात टाचेचं दुखणं येतं. उड्या, जिन्यावरच्या धावा आणि कठीण जमिनीवरचे स्प्रिंट कमी करा. बॉलबरोबरचं हलकं काम, तोल आणि पोट-पाठीच्या ताकदीचे व्यायाम चालू ठेवा. आणि मोजमापाची वही कोचला दाखवा. या काळात मुलाच्या खेळावरून अंतिम निर्णय घेणं म्हणजे तापात परीक्षा घेण्यासारखं आहे.

वय कमी दाखवून खेळवलं तर एक-दोन वर्षांचा फायदा होत नाही का?

नाही. भारतीय खेळांमध्ये डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय ठरवतात, तिला टीडब्ल्यू-३ चाचणी म्हणतात. फिफाच्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचा एमआरआय होतो. पकडलं गेल्यावर बंदी येतेच, पण न पकडला गेलेलाही मागे राहतो. पंधरा वर्षांच्या मुलाने तेरा वर्षांच्यांत खेळून शिकायचं काय? शिवाय त्याने एका खऱ्या तेरा वर्षांच्या मुलाची जागा अडवलेली असते.

स्किल भरपूर आहे, मग सीनियर कोच खेळवत का नाहीत?

कारण सीनियर खेळात वेळ मिळत नाही. एक प्रसंग बघा. सेंटर बॅककडून मधल्या फळीतल्या मुलाकडे पास येतोय. मुलाची पाठ प्रतिस्पर्ध्यांच्या गोलकडे आहे, नजर बॉलवर. बॉल पायात आला, त्याने तळव्याने थांबवला, मग मान वर केली. पंधरा वर्षांखालच्या सामन्यात एवढं चालून जातं. सीनियर सामन्यात मान वर होण्याआधीच मागून खांदा लागतो, बॉल जातो आणि आपलाच गोल उघडा पडतो. तीन सामन्यांत हे दोनदा झालं की कोच त्या मुलाला घेत नाहीत. त्याला रॅबोना (एका पायामागून दुसरा पाय नेऊन मारायची किक) येतो की नाही, हे कुणी विचारत नाही.

पुढे जाणारा मुलगा पास निघायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घेतो. अंग अर्धं वळवून उभा राहतो आणि बॉल लांबच्या पायावर घेतो, म्हणजे पहिल्याच टचला तो पुढे वळलेला असतो. ही सवय सरावाने लागते. चार विरुद्ध एक किंवा चार विरुद्ध दोनच्या रोंडोत (कडेने उभ्या मुलांनी मधल्याला बॉल न देता पास फिरवत ठेवायचा खेळ) पास घ्यायच्या आधी ‘मागे कोण’ हे मोठ्याने सांगायला लावा. मागे उभ्या सहकाऱ्याने बोटं दाखवायची आणि मुलाने बॉल येण्याआधी आकडा ओरडायचा. रोज दहा मिनिटं पुरतात.

मुंबई-पुण्यात आणखी एक अडचण आहे. संध्याकाळचा बहुतेक खेळ जाळीच्या छोट्या टर्फवर, पाच किंवा सहा जणांचा होतो. पायांची चलाखी त्याने येते, पण तिथे ऑफसाइड नसतो, चाळीस मीटरचा पास नसतो, हवेतल्या बॉलवर झेप घ्यावी लागत नाही आणि पन्नास मीटर परत धावत येऊन जागा झाकावी लागत नाही. चौदा वर्षांनंतर आठवड्यातून निदान दोनदा पूर्ण मैदान मिळालंच पाहिजे. अकादमी निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा.

वर्षाला किती सामने हवेत?

आमच्या मते पंधरा ते अठरा वयात वर्षाकाठी तीसच्या आसपास स्पर्धात्मक सामने हवेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळ मुलगा मैदानावर हवा. ‘संघात आहे’ म्हणजे ‘खेळतो’ असं होत नाही. शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. जिल्ह्यातच पहिला सामना हरला की त्या मुलाचा त्या स्पर्धेपुरता हंगाम चाळीस-पन्नास मिनिटांत संपतो.

एक साधी वही करा. रकाने पाच: तारीख, प्रतिस्पर्धी, खेळलेली मिनिटं, जागा, आणि सामना कसा होता (लीग, बाद फेरी की मैत्रीपूर्ण). दर तीन महिन्यांनी बेरीज करा. सहा महिन्यांत ६०० मिनिटांच्या खाली बेरीज असेल, तर त्या अकादमीचं नाव कितीही मोठं असो, मुलगा तिथे थांबलेला आहे. छोट्या क्लबात जाऊन लीगचे वीस सामने खेळणं त्याच्यासाठी बरं. आईवडिलांना ही पायरी खाली उतरल्यासारखी वाटते, हे माहीत आहे. पण बाकावर बसलेल्या मुलाचं मूल्यमापन कुणालाच करता येत नाही.

भारतात सतरा ते एकवीस या वयात नेमकं काय अडतं?

सगळ्यांत मोठी गळती इथे आहे. पंधरा-सतरा वर्षांखालच्या गटांपर्यंत काही ना काही स्पर्धा मिळते. त्यानंतर एकदम सीनियर संघ, आणि तिथे जागा मोजक्या. देशातल्या सर्वोच्च इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू चालतात; त्याआधी पाच चालत. बदल चांगला होता, पण त्या चार जागा बहुतेक क्लब सेंटर बॅक, मधली फळी आणि स्ट्रायकर यांवर खर्च करतात. म्हणून अकादमीतला नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, अठराव्या वर्षी विंगवर सरकतो, विंगर फुलबॅक होतो. सतराव्या वर्षापर्यंत एकच जागा खेळलेला मुलगा इथे अडकतो. चौदा ते सोळा वयात मुलाला निदान दोन जागा मनापासून शिकवा, त्यातली एक शक्यतो बाजूची.

या वयात सामने मिळाले तर काय होतं, याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालचा विश्वचषक झाला. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने कॉर्नरवर हेडर मारून विश्वचषकातला भारताचा पहिला गोल केला. भारत गटातले तिन्ही सामने हरला. पण त्यानंतर त्या संघातल्या बऱ्याच जणांना फेडरेशनच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) तरुण खेळाडूंच्या इंडियन अ‍ॅरोज या संघातून थेट आय-लीग या मोठ्यांच्या राष्ट्रीय लीगमध्ये उतरवलं गेलं. समोर परदेशी स्ट्रायकर असलेले मोठ्यांचे क्लब, लीगचे १८ सामने, आणि हरलं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना. जॅक्सन, सुरेश वांगजम, अन्वर अली ही मुलं पुढे सीनियर राष्ट्रीय संघात पोहोचली. कोल्हापूरचा अनिकेत जाधवही त्याच विश्वचषक संघातला, तोही पुढे आयएसएलमध्ये खेळला. अ‍ॅरोज हा संघ २०१० मध्ये सुरू झाला, २०१३ मध्ये बंद पडला, २०१७ मध्ये परत आला आणि २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला. तो बंद करण्याचा निर्णय आम्हाला आजही चुकीचा वाटतो.

२०२२ मध्ये गोव्यात सुरू झालेली रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग ही २१ वर्षांखालच्यांसाठी त्यातल्या त्यात मोठी सोय. पण तीही मोठ्यांच्या लीगची जागा घेऊ शकत नाही. क्लबने सीनियर सराव संघात घेतलं आणि वर्षभर सामना दिला नाही, तर दुसऱ्याच हंगामात उसनवारीवर, म्हणजे लोनवर, खालच्या श्रेणीच्या राष्ट्रीय लीगमध्ये किंवा राज्याच्या लीगमध्ये पाठवायची मागणी करा. तीही लेखी करा.

क्लबच बंद पडला तर?

हा प्रश्न पुण्यातल्या पालकांना सांगावा लागत नाही. २०१५ ते २०१९ या काळात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी हे चारही क्लब एकामागून एक वरच्या पातळीवरून नाहीसे झाले. मुंबईत महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये आणि मुंबई एफसी २०१७ मध्ये बंद झाला. गोव्यात धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या तिघांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली. धेंपो पुढे २०२४-२५ ला परतला. २०२५-२६ चा आयएसएल हंगाम तर ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. अशा वेळी खेळ न जमणाऱ्या मुलांबरोबर उत्तम खेळणारी मुलंही रस्त्यावर येतात.

तरी वाट पूर्ण बंद होत नाही. भारतीय संघाकडून खेळलेला विंगर लालियनझुआला छांगटे पुण्यातल्या डीएसके शिवाजीयन्स आणि लिव्हरपूलच्या संयुक्त अकादमीतून आला आणि २०१६ मध्ये त्याच क्लबकडून आय-लीग खेळला. अकादमी गेली, तो राहिला, कारण बंद पडण्याआधी त्याच्या नावावर सीनियर सामने होते.

व्यवहाराची गोष्ट अशी: क्लब डळमळीत झाल्याची कुणकुण लागताच फेडरेशनच्या नोंदणी प्रणालीतल्या मुलाच्या नोंदणीची प्रत, करार आणि ना हरकत पत्र हातात घ्या. कार्यालयाला कुलूप लागल्यावर सही करायला कुणी सापडत नाही. सामन्यांचे व्हिडिओही तेव्हाच मागून घ्या.

कोल्हापूरच्या पेठांच्या स्पर्धा किंवा गोव्यातले गावागावांतले सामने अकादमीतल्या मुलाने खेळावेत का?

खेळावेत, पण मोजून. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार तालमीच्या सामन्याला जी गर्दी आणि जो दबाव असतो, तो अकादमीच्या कुठल्याही सराव सामन्यात मिळत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने पेठेसाठी मोठ्या माणसांत खेळणं हे मोठं शिक्षण आहे. अडचण दोन ठिकाणी येते. सलग चार दिवसांत चार सामने, वर तिसऱ्या दिवशी दुखऱ्या घोट्यावर पट्टी बांधून उतरणं. आणि दुसरी म्हणजे तिथल्या टाळ्यांवर समाधान मानणं. गावात नाव झालं, बक्षिसाचे पैसे मिळाले, की पुण्याला किंवा मुंबईला शून्यापासून सुरुवात करायला मन तयार होत नाही. दोन सामन्यांत निदान ४८ तास, शक्य असेल तर ७२ तास अंतर ठेवा.

दुखापतींनी किती मुलं जातात?

पुष्कळ. त्यातही दुखापतीपेक्षा घाईने परत उतरल्यामुळे जास्त. गुडघ्याचं पुढचं लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटून शस्त्रक्रिया झाली असेल तर नऊ महिन्यांआधी स्पर्धेत उतरू नका. आणि नऊ महिने झाले तरी दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरच्या उड्या जवळपास सारख्या झाल्याशिवाय उतरू नका.

टाळण्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फिफा ११+ हा वॉर्म-अप. तीन भाग, १५ व्यायाम, एकूण वीस मिनिटं: आठ मिनिटं हळू धावणं आणि सांधे मोकळे करणं, दहा मिनिटं ताकद-तोल-उड्या, शेवटची दोन मिनिटं वेगाच्या धावा. आठवड्यातून निदान दोनदा नीट केला तर दुखापती एक तृतीयांशाने किंवा त्याहून जास्त कमी होतात. बिघडतं ते इथे: मुलं प्लँक करताना कंबर खाली सोडतात, उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात आणि कुणी सुधारत नाही. अकादमीत दोन फेऱ्या पळून थेट शूटिंग चालू होत असेल, तर ते खटकलं पाहिजे.

एकदा तरी ईसीजी आणि हृदयाची तपासणी करून घ्या. अन्वर अलीचा हृदयविकार २०१९ मध्ये क्लबच्या तपासणीत सापडला. कायदेशीर लढाई आणि वैद्यकीय सल्ल्यांनंतर तो पुन्हा मैदानात आला, पण निदान झालं म्हणून पुढचा निर्णय तरी डोळसपणे घेता आला.

आहार आणि झोप?

झोप आठ ते दहा तास. पहाटे साडेपाचच्या सरावासाठी साडेचारला उठणारा मुलगा रात्री आठ-साडेआठला झोपला पाहिजे. संध्याकाळच्या क्लासमुळे ते होत नसेल तर सकाळचा सराव आठवड्यात दोनवर आणा. सरावाआधी केळं किंवा गूळ-पोळी, नंतर तासाभरात भात-डाळ-अंडी किंवा पोळी-उसळ-दही. प्रथिनं दर किलो वजनामागे दिवसाला साधारण दीड ग्रॅम. पन्नास किलोच्या मुलाला ७५ ग्रॅम. पूर्ण शाकाहारी घरात हा आकडा मुद्दाम ठरवून गाठावा लागतो. सतत दमत असेल तर ‘आळशी’ म्हणण्याआधी हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासा.

दहावी-बारावीचं काय करायचं?

सराव पूर्ण बंद करू नका. दहावीचं अख्खं वर्ष खेळ सोडलेला मुलगा परत आल्यावर, नेमक्या निवडीच्या वयात, वर्षभर मागे असतो. आठवड्यात तीन सराव आणि एक सामना एवढं ठेवलं तरी धागा तुटत नाही. निवासी अकादमीमुळे शाळेची हजेरी भरत नसेल तर महाराष्ट्रात १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या परीक्षा देता येते, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून. फॉर्मच्या तारखा आधीच बघून ठेवा, त्या हंगामाच्या मध्येच येतात. राज्य-राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं जपा: बोर्डाचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण यांसाठी ती लागतात.

मुलींनाही हेच लागू आहे का?

बरंचसं. फरक असा, की त्यांची झपाट्याची वाढ बाराच्या सुमारास होते आणि एसीएल तुटण्याचा धोका मुलांच्या दोन-तीन पट असतो, म्हणून ११+ त्यांच्यासाठी अधिकच गरजेचा. सामने कमी मिळतात. बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलांच्या संघात खेळू द्या. पाळी थांबली किंवा अनियमित झाली तर ‘चांगली तयारी चालू आहे’ असं समजू नका. खाणं कमी पडतंय, डॉक्टरांना दाखवा.

‘युरोपात ट्रायल मिळवून देतो’ असं एजंट म्हणतोय. विश्वास ठेवावा?

मुलगा अठराखालचा असेल तर आधी हे समजून घ्या: फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबात बदली, मोजके अपवाद सोडले तर, होतच नाही. एजंटकडे फिफाचा परवाना हवा. परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर आहे. अल्पवयीन मुलासाठी पालकांची लेखी संमतीही लागते. ट्रायलसाठी आगाऊ लाखो रुपये मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. क्लबला खेळाडू खरंच हवा असेल तर बोलावण्याचं पत्र क्लबच्या अधिकृत ईमेलवरून येतं.

अकादमीने काढून टाकलं. आता?

पहिले दोन आठवडे मुलाला बोलू द्या, सल्ले देऊ नका. मग कोचकडून तीन गोष्टी लेखी मागा: कोणत्या जागेसाठी विचार झाला, नेमकं काय कमी पडलं, आणि कोणत्या पातळीचा क्लब योग्य वाटतो. ‘अजून मेहनत हवी’ हे उत्तर स्वीकारू नका.

इंग्लंडचा स्ट्रायकर जेमी वार्डी याला शेफिल्ड वेन्सडे या क्लबच्या अकादमीने सोळाव्या वर्षी सोडलं. तो खालच्या लीगमध्ये खेळत राहिला, २०१२ मध्ये पंचविसाव्या वर्षी लेस्टरला आला आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकला. फ्रान्सच्या अँतुआन ग्रीझमनला फ्रेंच क्लबांनी अंगकाठी लहान म्हणून नाकारलं आणि तो स्पेनमध्ये रेआल सोसिएदादमध्ये घडला. ही अपवादाची उदाहरणं आहेत, पण दोघांतलं साम्य लक्षात घ्या: काढल्यानंतरही त्यांचा खेळ थांबला नाही. म्हणून महिन्याभरात नवा संघ शोधा, मग तो जिल्हा लीगचा का असेना.

पुढच्या ट्रायलला जाताना काय न्यायचं?

मूळ जन्मदाखला आणि दोन प्रती, आधार, फेडरेशनचा नोंदणी क्रमांक, आधीच्या क्लबचं ना हरकत पत्र, मिनिटांची वही, आणि फोनवर तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ. व्हिडिओत फक्त गोल नकोत; बॉल गमावल्यानंतरच्या पाच सेकंदांत मुलगा काय करतो हे दिसलं पाहिजे, निवड करणारे तेच बघतात. स्टड आणि टर्फ असे दोन्ही बूट घ्या, मैदान कोणतं असेल सांगता येत नाही. अर्जावर ज्या जागेवर खेळता ती स्पष्ट लिहा. ‘कुठेही खेळतो’ असं लिहिलेल्या मुलाला जिथे जागा रिकामी असते तिथे उभं करतात, आणि त्याची वीस मिनिटं तिथेच संपतात.